पंधरा जून लिहा

"अक्का, आता खरं काय ते सांगायचं हं," शिरोडे वकील पेनाचं टोपण काढत मला म्हणाले.

माझा भाऊ दिगू फिस्सकन हसला. "वकीलसाहेब, हिला साक्षीला बसवता? हिनं अर्ध्या संगमनेरला सांगितलंय, माझ्या मुंजीत हत्ती आला होता म्हणून."

"आला होता," मी म्हणाले.

"अक्का!"

"लहान होता. तुला नाही आठवायचा, तेव्हा तुझं डोकं भादरत होते."

"हत्तीचं आपण मागनं बघू," वकील म्हणाले आणि त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत कुमुद बसली होती. दिगूची बायको, म्हणजे माझी भावजय. अजून काही दिवसांपुरती तरी. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तेवढ्या बघण्यात सगळं आलं. येताना रिक्षात तिनं मला बजावलंच होतं, "अक्का, हात जोडते. जेवढं पाहिलंत तेवढंच बोला. तिखटमीठ लावू नका."

"अगं, बिनतिखटमिठाचं कुणाच्या घशाखाली उतरतं का?"

"आज उतरू द्या," ती म्हणाली होती.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. पण त्या ऑफिसातला पंखा कसा कुरकुरत होता, तेसुद्धा मला ऐकू येतंय.

भानगड अशी होती. आमच्या वडिलांचं अकोले रस्त्याला मंगल कार्यालय होतं. वडिलांच्या मागं ते दिगूकडे आलं. आलं तेव्हा त्याला गळकी कौलं होती आणि वर्षाला लग्नाच्या जेमतेम चार तारखा. कुमुद लग्न होऊन आली आणि तिनं स्वयंपाकघर हातात घेतलं. पाच वर्षांत असं झालं की लोक आधी कार्यालयाची तारीख बघायचे आणि मग मुलगी. (हे मी वाढवून सांगत नाहीये. फार तर थोडंसं.) दिगू बाहेर पांढऱ्या सफारीत उभा राहून पाहुण्यांना "या, या" करायचा, आणि आत कुमुद दीड हजार पानांचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी बांधायची. मंडपाकडे एकदा बघून म्हणायची, "दहा किलो तांदूळ अजून टाका." टाकलेला तांदूळ कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही.

एकोणीस वर्षं असं चाललं. मग दिगूला नाशकात दुसरी कुणी भेटली. कुमुदनं आदळआपट केली नाही. म्हणाली, "जायचंय तर जा, पण नीट जा. कागद करून जा."

मूलबाळ नव्हतं. भांडण लांबवायची हौस कुणालाच नव्हती. म्हणून शिरोडे वकिलांना मधे घालून दोघांनी समजुतीचा कागद करायचं ठरवलं. कार्यालय वडिलांचं, ते दिगूचं. दागिने कुमुदचे. आणि दोघं एकत्र असताना धंद्यातून जे जे उभं राहिलं, ते निम्मं-निम्मं. वेगळं झाल्यानंतर ज्यानं जे मिळवलं ते त्याचं. कायद्यात असं काही लिहिलेलं नाही म्हणे, पण दोघांना पटलं आणि दोघांनी मान हलवली.

फक्त कागदावर एक जागा मोकळी होती. 'विभक्त झाल्याची तारीख', आणि पुढं नुसती रेघ.

दिगू म्हणत होता, होळी. राहतं घर कार्यालयाच्याच खालच्या मजल्यावर; होळीच्या दिवशी तो अंथरूण उचलून वरच्या खोलीत राहायला गेला होता.

कुमुद म्हणत होती, दिवाळी. भाऊबीज झाल्यावर ती ट्रंक घेऊन घराबाहेर पडली होती.

मधे आठ महिने. आणि त्या आठ महिन्यांत काय झालं होतं, तर कार्यालयामागची दीड एकर जागा घेतली होती. तिथं लॉन केलं, स्टेज बांधलं, मोठं स्वयंपाकघर बांधलं, बोअर मारली. पैसा धंद्यातला, नाव एकट्या दिगूचं. मग शेजारून नवा रस्ता जाणार अशी बातमी आली आणि त्या जागेला सोन्याचा भाव आला.

होळी धरली तर लॉन अख्खं दिगूचं. दिवाळी धरली तर निम्मं कुमुदचं. त्रेचाळीस वर्षांची बाई, भाड्याच्या एका खोलीत स्टोव्हवर पोळ्या लाटून देत होती. त्या रेघेवर काय लिहिलं जाणार, यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

आणि साक्षीदार कोण, तर मी. त्या वर्षी माझ्या घराचं छत बदलायचं काम चाललेलं, म्हणून मी दिगूकडे मुक्कामाला होते. मार्चपासून थेट दिवाळीपर्यंत. घरात तिसरं माणूस मीच.

"बोला अक्का," वकील म्हणाले. "होळीनंतर हे दोघं नवराबायकोसारखे राहत होते का?"

कुमुदनं बजावलं होतं, ते मला आठवत होतं. पण माणसाची जीभ म्हणजे काय पाळलेलं मांजर आहे? मी म्हटलं, साधं सांगून या दिगूपुढं काय टिकाव लागायचा! चांगलं भरभक्कम काहीतरी पाहिजे.

"वकीलसाहेब," मी पदर सावरला, "नारळी पौर्णिमेची गोष्ट सांगते. कुमुदनं नारळीभात केलेला. केशर घातलेला. वास असा, की समोरच्या एसटीतली माणसं खाली उतरली. आणि माझ्या या डोळ्यांनी मी पाहिलं, दिगूनं आपल्या हातानं कुमुदला पहिला घास भरवला. ही लाजली. अशी लाजली..."

"नारळी पौर्णिमेला?" दिगू म्हणाला.

"नारळी पौर्णिमेलाच."

"नारळी पौर्णिमेला मी नाशकात दवाखान्यात होतो! अपेंडिक्स काढलेलं! तूच डबा घेऊन आली होतीस की!"

डबा नेलेला तर मीच. पण हार मानेन ती मी कसली. "मग तिथंच भरवला. दवाखान्यात."

"टाके घातलेल्या माणसाला नारळीभात?"

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. मग वही मिटली. चांगल्या माणसांची हीच तर पंचाईत असते, ती रागावतसुद्धा नाहीत.

"बघा," दिगू आरामात मागं टेकला. "हिचा एकच साक्षीदार, आणि तो असा."

मला वाटलं, कुमुद आता रडेल. नाहीतर माझ्यावर ओरडेल तरी. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"वकीलसाहेब," कुमुद म्हणाली, "अक्का खोटं बोलल्या. नारळीभात नव्हता. मी दवाखान्यात गेलेसुद्धा नाही. डब्यात मुगाची खिचडी होती, ती मी करून दिली होती, तेवढंच."

"कुमुद, अगं..." मी.

"थांबा अक्का. आणि होळीला हे वरच्या खोलीत झोपायला गेले, ते खरं आहे. त्यानंतर खाली झोपले नाहीत. तेही लिहा."

वकिलांनी चष्मा वर केला. "वहिनी, हे तुमच्याच विरुद्ध जातंय. कळतंय ना?"

"कळतंय. पण झालं ते झालं. जेवण मात्र दोन्ही वेळचं खालून वर जात होतं. कपडे धुऊन जात होते. जागा घेताना सातबारा बघायला मी गेले होते, यांच्या शेजारी बसून, स्कूटरवर. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच पाहिजे, ते गवंड्याला मी सांगितलं. माणूस वर झोपला म्हणून संसार मोडतो का, ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही."

मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसं बघितली आहेत. एकानं तर विहिरीत उतरून बिबट्याला दोरी बांधली होती, ते कधीतरी सांगेन. पण स्वतःचा साक्षीदार स्वतःच खोटा पाडणारी बाई मी तेवढी एकच बघितली.

दिगूलाही ते कुठंतरी लागलं असणार, कारण तो उगाचच जोरात बोलायला लागला. "ही शेजारी होती, शेजारी होती म्हणतीय ना? मग वास्तुशांतीला का नव्हती? चौदा जूनला लॉनची वास्तुशांत केली मी. तीनशे माणूस जेवलं. विचारा कुणालाही. ही पाटावर बसली होती का? कमरेला सुपारी लावून एकट्यानं पूजा केली मी! गावानं बघितलंय. एकत्र असतो तर बायको सोडून सुपारी लावली असती का?"

आमच्याकडची ही पद्धत तुम्हाला माहीत असेल. पूजेला जोडीनं बसायचं असतं. बायको येऊ शकत नसेल तर नवरा कमरेला सुपारी खोचतो. सुपारी म्हणजे बायकोच्या जागी.

दिगूनं टेबलावर हात आपटला आणि कुमुदकडे असं बघितलं, जसं काही शेवटचं पान त्यानंच टाकलंय.

वकिलांनी सावकाश वही परत उघडली. "दिगंबरशेठ, सुपारी लावायला गुरुजींनी सांगितलं?"

"हो."

"कसं सांगितलं? म्हणजे, आधी काहीतरी विचारलं असेल ना त्यांनी."

"विचारलं असेल. आठवत नाही."

"मला आठवतंय," मी म्हणाले.

"हिला पुन्हा बोलू देताय तुम्ही?" दिगू म्हणाला.

वकील माझ्याकडे बघत राहिले. मी कुमुदकडे बघितलं. ती खाली बघत होती, आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या तळव्यावरचा एक जुना भाजल्याचा डाग चोळत होता.

त्या दिवशीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या बाईनं एक गोष्ट आठ-दहा महिने पोटात ठेवली, यावरनं समजा काय ते.

"मी पुढंच बसले होते," मी म्हणाले. "गुरुजींनी विचारलं, 'यजमानीणबाई कुठं आहेत?' दिगू म्हणाला, 'घरात आहे, पण तिची अडचण आहे. शिवायचं नाही.' गुरुजी म्हणाले, 'मग सुपारी घ्या.' दिगूनं सुपारी खोचली. गुरुजींनी संकल्प सांगितला, त्यात 'सपत्नीक' म्हणाले. दिगूनं पाणी सोडलं."

"आणि वहिनी कुठं होत्या?"

"स्वयंपाकघरात. आचाऱ्यानं आदल्या दिवशी दगा दिला होता, तीनशे माणसांचं पुरण हीच शिजवत होती. हिची अडचण-बिडचण काही नव्हती. असती तर चुलीपाशी कशी असती?"

बोलता बोलता माझा आवाज बारीक झाला. पुढचं सांगायचं नव्हतं मला.

"आणि?" वकील म्हणाले.

"हिनं हिरवी पैठणी नेसली होती. वरनं जुना टॉवेल गुंडाळला होता, डाग पडू नये म्हणून. नाकात नथ होती. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा मला म्हणाली, 'अक्का, गुरुजींनी बोलावलं की हाक मारा. हात धुऊन येते.' मी म्हटलं, मारते. बाहेर आले आणि पाहुण्यांना गोष्टी सांगत बसले. बायका हसत होत्या, मला रंग चढला होता. दिगूनं 'अडचण आहे' म्हटलेलं मी ऐकलं. मला तेव्हाच ओरडता आलं असतं, की अरे, ती आत नथ घालून उभी आहे. मी नाही ओरडले. गोष्ट अर्धी राहिली असती माझी."

पंखा कुरकुरत होता. दिगूनं मान वर केली.

"पुरण तू शिजवलंस?" तो कुमुदला म्हणाला. "मला वाटलं, आचारी आला होता."

"नव्हता आला."

"मला वाटलं, तू बसणारच नाहीस माझ्या शेजारी. चारचौघांत नाही म्हणालीस तर... म्हणून मीच आधी..."

"तुम्ही विचारलंत कुठं?" कुमुद म्हणाली. "एक हाक मारली असतीत तर आले असते. आरतीच्या घंटा वाजल्या तेव्हा मला कळलं, की पूजा झाली."

वकिलांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मग घसा खाकरला. "हं. म्हणजे चौदा जूनला दिगंबरशेठनी स्वतःच, देवाब्राह्मणासमोर, माझी पत्नी घरात आहे असं सांगितलंय. आता होळीची तारीख काही मला धरता येणार नाही. वहिनी, भाऊबीज लिहितो मी." त्यांनी पेन टेकवलं.

"नको," कुमुद म्हणाली.

मला वाटलं, हिला ऊन लागलं.

"भाऊबीज नको. ते खरं नाही. ट्रंक मी भाऊबिजेनंतर उचलली, कारण तोवर मला खोली मिळत नव्हती. पण वेगळी मी त्याच्या आधीच झाले. त्या दिवशी तीनशे माणूस जेवलं, शेवटचं पातेलं घासून पालथं घातलं, पैठणी सोडून घडी केली. तेव्हा झाले. सकाळी बायको होते, रात्री नव्हते. चौदा जून लिहा."

वकील आकडेमोड करायला लागले. "लॉन त्याच्या आधी झालेलं, त्यामुळं त्याचा निम्मा हिस्सा तुमचा राहतो. पण मधल्या पाच महिन्यांचा धंदा तुमच्या हातनं जातो, वहिनी. बारशी, डोहाळजेवणं, साठीशांती. पुष्कळ होतं ते. दिगंबरशेठ आता हरकत घेत नाहीयेत, मग तुम्ही कशाला सोडताय?"

"नफा सोडते. त्या पाच महिन्यांत मी बायको नव्हते, मग नफ्यात वाटा कसा मागू? पण त्या पाच महिन्यांत सव्वीस पंगती मी उठवल्यात. मुख्य आचाऱ्याचा जो काय रोज असेल, तो सव्वीस दिवसांचा लावा. तो मात्र एक रुपया सोडणार नाही."

शिरोडे वकील हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "बरोबर आहे. चौदा जून."

"थांबा," कुमुद म्हणाली. "कागदावर सकाळ-संध्याकाळ लिहितात का?"

"नाही. नुसती तारीख."

"मग पंधरा लिहा. चौदाचा अख्खा दिवस मी राबलेय."

वकिलांनी दिगूकडे बघितलं. दिगूचं तोंड कधी नव्हे ते इवलंसं झालं होतं. त्यानं नुसती मान हलवली. वकिलांनी त्या रेघेवर लिहिलं, पंधरा जून. दिगूनं सही केली, कुमुदनं केली, आणि साक्षीदार म्हणून खाली मी केली. माझी सही मी इतकी सरळ आयुष्यात कधी केली नव्हती.

मग प्रश्न आला, लॉन निम्मं म्हणजे कुठलं निम्मं?

"पुढची बाजू मला," दिगू लगेच म्हणाला. "गेट, स्टेज, रस्त्याला लागून हिरवळ." त्याला वाटलं, शोभेचं ते सगळं आपल्याकडे आलं.

"घ्या," कुमुद म्हणाली. "मागची बाजू मला चालेल."

मागच्या बाजूला काय होतं? स्वयंपाकघर होतं, आणि बोअर.

मला हसू फुटत होतं, पण तिनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

कोर्टाचं सगळं उरकायला पुढं वर्ष गेलं. तोवर कुमुदनं मागच्या बाजूला आपलं स्वयंपाकघर सुरू केलं. चार बायका हाताशी घेतल्या. गावातल्या तीन कार्यालयांना तिच्याकडनं जेवण जायला लागलं. माझ्या घराचं छत केव्हाच झालं होतं, पण मी तिच्याकडेच राहत होते, भाजी निवडायला. (म्हणजे भाजी इतर बायका निवडायच्या. मी बोलायचे.)

दिगूनं पुढं लॉनला रोषणाई केली, कारंजं बसवलं. लोक आले, कारंजं बघितलं आणि विचारलं, "जेवण कुणाचं?" त्यानं दोन आचारी नाशकाहून आणले. पहिल्याच लग्नात वरपक्ष भात अर्धवट टाकून उठला. नंतर दिगूनं मॅनेजरला कुमुदकडे पाठवलं, अमुक तारखेचं जेवण घ्याल का म्हणून. कुमुद चाळणीतून पीठ चाळत होती. वर न बघता म्हणाली, "मालकांना सांगा, काम त्यांचं आहे तर त्यांनी यावं."

मॅनेजर दोनदा आला, दोनदा गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दारात शेंगा सोलत बसले होते. हिरवळीवरनं दिगू चालत येताना दिसला. पांढरी सफारी, पण चाल अशी, जशी शाळेत उशिरा येणाऱ्या पोराची असते. मधल्या तारेच्या कुंपणापाशी तो थांबला. मला बघितलं. मला वाटलं, म्हणेल, "अक्का, तूच सांग तिला." मी तोंड उघडलंच नाही. एकदा धडा शिकले होते मी.

तो तिथंच उभा राहिला. आतून लाटण्यांचा आवाज येत होता. त्यानं दोनदा घसा साफ केला.

"कुमुद," त्यानं हाक मारली.

लाटणी थांबली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली, उन्हात डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"बोला. किती पानं?"